फिरते थेट प्रक्षेपण वाहन

फिरते थेट प्रक्षेपण वाहन म्हणजे स्टुडिओबाहेर घडणाऱ्या घटनेचे चित्रण, दृश्यांची निवड, ध्वनिमिश्रण आणि प्रक्षेपण ही सर्व कामे घटनास्थळीच करता यावीत यासाठी सज्ज केलेले वाहन होय. दूरचित्रवाणीच्या परिभाषेत त्यास बाह्य प्रक्षेपण वाहन किंवा ओबी व्हॅन म्हणतात. मोठ्या वाहिन्यांची अशी वाहने ट्रकएवढी असतात आणि त्यांत वीस किंवा त्याहून अधिक कॅमेऱ्यांची सोय असते. आंतरजालावरून थेट प्रक्षेपण शक्य झाल्यानंतर लहान मालवाहू किंवा प्रवासी व्हॅनमध्ये दोन ते सहा कॅमेऱ्यांची सामग्री बसवून कबड्डी, खो-खो, कुस्ती, टेनिस चेंडूचे क्रिकेट यांसारख्या स्थानिक स्पर्धा प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणे सुरू झाले. या लेखात प्रामुख्याने अशा लहान वाहनाची रचना व कार्यपद्धती यांचे वर्णन आहे.

अशा वाहनाची उपयुक्तता कॅमेऱ्यांच्या संख्येपेक्षा वीज, आंतरजाल जोडणी आणि ध्वनी या तीन गोष्टींवर अधिक अवलंबून असते. एक कॅमेरा बंद पडला तर प्रक्षेपण दुसऱ्यावर चालू राहते. वीज किंवा जोडणी तुटली तर ते संपूर्ण थांबते. स्थानिक सामन्याचे अन्य कोणतेही चित्रण बहुधा उपलब्ध नसते. त्यामुळे वाहनातील ध्वनिचित्रमुद्रण हाच त्या सामन्याचा एकमेव दृश्य दस्तऐवज ठरू शकतो.

## इतिहास

दूरचित्रवाणीवरील बाह्य प्रक्षेपणाचा आरंभ १९३० च्या दशकात झाला. १२ मे १९३७ रोजी ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांच्या राज्याभिषेकानंतरची मिरवणूक बीबीसीने लंडनमधील हाइड पार्क कॉर्नर येथून तीन कॅमेऱ्यांच्या साहाय्याने दाखवली. त्यासाठी नियंत्रणकक्ष असलेले फिरते वाहन वापरण्यात आले. त्याच वर्षी जून महिन्यात विम्बल्डन टेनिस स्पर्धेतील सामने दाखवण्यात आले. अमेरिकेत १७ मे १९३९ रोजी कोलंबिया व प्रिन्स्टन या विद्यापीठांमधील बेसबॉल सामना एनबीसीच्या प्रायोगिक केंद्राने प्रक्षेपित केला. त्यासाठी एकच कॅमेरा होता आणि वेगाने जाणारा चेंडू त्यात नीट दिसत नव्हता.

क्रीडा प्रक्षेपणातील पुढचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे तत्काळ पुनर्दर्शन. ७ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेतील आर्मी–नेव्ही फुटबॉल सामन्यात सीबीएसचे दिग्दर्शक टोनी व्हर्ना यांनी ते प्रथम वापरले. त्यासाठीचे चित्रफीत यंत्र सुमारे ५९० किलो वजनाचे होते. प्रेक्षकांचा गोंधळ होऊ नये म्हणून हे दृश्य पुन्हा दाखवले जात असून संघाने नव्याने गुण मिळवलेले नाहीत, असे समालोचकाला सांगावे लागले.

भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक दूरचित्रवाणी सेवा सुरू झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यान्वित झाले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या दिल्ली आशियाई स्पर्धेमुळे देशातील बाह्य प्रक्षेपणाचा मोठा विस्तार झाला. जिल्हा व तालुका पातळीवरील स्पर्धांना मात्र राष्ट्रीय वाहिन्यांवर फारसे स्थान नव्हते. काही शहरांत स्थानिक केबलचालक आपल्या वाहिनीवरून अशा स्पर्धा दाखवत असत. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर कबड्डीचे बहुकॅमेरा चित्रण घरोघरी परिचित झाले. २०१६ नंतर चौथ्या पिढीचे मोबाइल जाळे स्वस्त व सर्वदूर झाल्याने लहान गटांनाही मैदानावरून थेट प्रक्षेपण करणे परवडू लागले.

## वाहनाची निवड व अंतर्गत रचना

लहान वाहनात साधारणतः तीन भाग पाडले जातात. चालकाच्या मागे निर्मितीकक्ष असतो. तेथे दिग्दर्शक, गुणफलक चालवणारा आणि ध्वनितंत्रज्ञ बसतात. त्यामागे यंत्रसामग्रीचे कपाट असते. सर्वांत मागे केबलची रिळे, तिपाया आणि कॅमेऱ्यांच्या पेट्या ठेवल्या जातात. मागचा भाग बाहेरून उघडता आल्यास सामान काढताना निर्मितीकक्षातील कामात व्यत्यय येत नाही.

बॅटऱ्या हा सर्वांत जड घटक असल्याने त्या शक्य तितक्या खाली व चाकांच्या आसाजवळ बसवतात. वजन एका बाजूला गेल्यास वळणावर वाहनाचा तोल बिघडतो. पावसाने किंवा पाणी मारल्याने मऊ झालेल्या मैदानात जड वाहन रुतते. म्हणून वाहन शक्यतो कठीण जमिनीवर उभे करून मैदानापर्यंत केबल टाकली जाते.

धूळ आणि उष्णता हे यंत्रसामग्रीचे मुख्य शत्रू आहेत. मातीच्या मैदानावरील बारीक धूळ पंख्यांवाटे संगणकात जाते. एप्रिल–मे महिन्यांत बंद वाहनातील तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच वाढते आणि एन्कोडर अचानक बंद पडू शकतो. त्यामुळे हवा आत घेण्याच्या जागी धुता येणाऱ्या जाळ्या बसवतात आणि गरम हवा वरच्या बाजूने बाहेर काढतात.

## वीजपुरवठा

वीजयोजनेची सुरुवात भाराच्या हिशेबाने होते. चार कॅमेऱ्यांच्या वाहनाचा नमुनादाखल हिशेब पुढीलप्रमाणे आहे :

- चार कॅमेरे : १०० वॅट
- दृश्यमिश्रक व दोन संगणक : ५०० वॅट
- चार पडदे : १६० वॅट
- ध्वनिमिश्रक व संभाषण यंत्रणा : ६० वॅट
- एन्कोडर व राउटर : ८० वॅट
- दिवे व पंखे : १०० वॅट

हा भार एकूण १,००० वॅट होतो. आठ तासांच्या स्पर्धेसाठी त्यास ८ युनिट वीज लागते. वातानुकूलन यंत्र बसवल्यास त्याचा सुमारे १,५०० वॅटचा भार वाढतो. शिवाय ते सुरू होताना काही क्षण याहून कितीतरी अधिक प्रवाह खेचते. म्हणून अशा वाहनासाठी ५ केव्हीए क्षमतेच्या आसपासचे जनित्र निवडले जाते आणि वातानुकूलनाचे मंडल यंत्रसामग्रीपासून वेगळे ठेवले जाते.

जनित्र बंद पडल्यास किंवा मंडपातील वीज गेल्यास मधला काळ बॅटरी व इन्व्हर्टर सांभाळतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेच्या चार बॅटऱ्यांमध्ये एकूण ७.२ युनिट ऊर्जा साठते. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. त्यामुळे प्रत्यक्षात सुमारे ३.६ युनिट वापरता येतात. इन्व्हर्टरमधील घट वजा केल्यास वरील भार साधारण तीन तास चालतो.

मंडप, रोषणाई आणि ध्वनिक्षेपक यांच्यासाठी घेतलेल्या तारेवरच यंत्रसामग्री जोडणे धोक्याचे असते. तेथे व्होल्टेज सतत चढउतार करते आणि ध्वनीत गुणगुण उमटते. वाहनासाठी स्वतंत्र भूसंपर्कन, गळती-प्रवाह रोधक आणि कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक आवश्यक मानले जातात. जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन विषारी वायू असतो. त्यामुळे जनित्र वाहनापासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूस ठेवतात. ते कधीही वाहनाच्या आत किंवा उघड्या दारापाशी चालवू नये.

## चित्रण

### कॅमेरे व दृश्यमिश्रक

सर्व कॅमेऱ्यांची दृश्ये दृश्यमिश्रक अर्थात स्विचरमध्ये एकत्र येतात आणि दिग्दर्शक त्यांतील एक दृश्य प्रक्षेपणासाठी निवडतो. ज्या कॅमेऱ्याचे दृश्य चालू आहे त्यावर लाल दिवा लागतो, त्यामुळे कॅमेरामन त्या क्षणी कॅमेरा हलवत नाही. कमी खर्चाच्या मांडणीत हे काम संगणकावरील सॉफ्टवेअरने होते. ओबीएस स्टुडिओ हे त्यांपैकी मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे.

कॅमेरा व वाहन यांतील अंतरावर केबलचा प्रकार ठरतो. साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरपलीकडे भरवशाची राहत नाही. एसडीआय पद्धतीत चांगल्या समाक्ष केबलवरून उच्च स्पष्टतेचा संकेत साधारण १०० मीटरपर्यंत जातो. क्रिकेटच्या मैदानासारख्या त्याहून मोठ्या अंतरासाठी प्रकाशीय तंतू वापरतात. प्रेक्षकांच्या वाटेत येणारी केबल रबरी पट्ट्यांखाली किंवा डोक्यावरून नेली जाते.

भारतात विद्युतपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने अनेक विद्युतदिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, परंतु कॅमेरा सेकंदाला ३० किंवा ६० चौकटींवर ठेवल्यास चित्रात पट्टे किंवा थरथर दिसू शकते. म्हणून रात्रीच्या सामन्यांत २५ किंवा ५० चौकटी आणि १/५० किंवा १/१०० सेकंदाचा शटरवेग ठेवतात. वेगवान खेळासाठी ५० चौकटी अधिक सोयीच्या असतात. तेच चित्रण निम्म्या वेगाने दाखवले तरी सेकंदाला २५ चौकटी मिळतात आणि संथ पुनर्दर्शन सलग दिसते.

### खेळानुसार मांडणी

कबड्डी : पुरुषांचे क्रीडांगण १३ × १० मीटर असते. मुख्य कॅमेरा मध्यरेषेच्या सरळ रेषेत, प्रेक्षकांच्या डोक्यांपेक्षा उंचावर ठेवतात. सर्व मुख्य कॅमेरे क्रीडांगणाच्या एकाच बाजूस असावेत; अन्यथा दृश्य बदलताच चढाईची दिशा उलटल्याचा भास होतो. बोनस गुणासाठी चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला व मागचा पाय हवेत असावा लागतो. हे पाहण्यासाठी बोनस रेषेच्या नेमक्या सरळ रेषेत ठेवलेला स्थिर कॅमेराच उपयोगी पडतो. तिरक्या कोनातून तोच पाय रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे दिसू शकतो. मुंबईच्या गिरणगावातील गल्ल्यांत होणाऱ्या सामन्यांत वाहन आत जाऊ शकत नाही. तेथे ते मुख्य रस्त्यावर ठेवून केबल आत नेणे सोयीचे ठरते.

खो-खो : दोन खांबांमधील सरळ पट्ट्यात खेळ चालतो आणि पाठलागाची दिशा क्षणोक्षणी बदलते. जवळचे दृश्य वारंवार वापरल्यास कोणी कोणाला खो दिला हे कळत नाही. त्यामुळे दोन्ही खांब एकाच चौकटीत दिसणारे उंचावरील दृश्य हाच प्रक्षेपणाचा कणा असतो आणि खांबाजवळचे कॅमेरे सूर मारून गडी बाद केल्याचे दृश्य टिपतात.

कुस्ती : मातीच्या कुस्तीत प्रेक्षक हौद्याच्या चारही बाजूंनी बसतात. कोल्हापूरचे खासबाग मैदान हे अशा वर्तुळाकार बैठकीचे प्रसिद्ध उदाहरण होय. येथे पंच व मल्ल सतत फिरत असल्याने एकाच कोनातून पाठ टेकलेली दिसेलच असे नाही. मुख्य कॅमेऱ्याखेरीज आणखी एक कॅमेरा समोरच्या बाजूस ठेवतात, परंतु तो केवळ पुनर्दर्शनासाठी वापरतात.

टेनिस चेंडूचे क्रिकेट : प्रत्येक षटकानंतर गोलंदाजीचे टोक बदलते. दोन्ही टोकांना गोलंदाजाच्या मागे उंच कॅमेरा ठेवणे ही आदर्श मांडणी आहे. एकच उंच कॅमेरा असल्यास एक षटक फलंदाजाच्या समोरून तर पुढचे त्याच्या मागून दिसते. धावबादसाठी क्रीजच्या रेषेत लहान स्थिर कॅमेरा लावता येतो.

बैलगाडा शर्यत : महाराष्ट्रात या शर्यतींना वैध ठरवणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी कायम ठेवला. शर्यत काही सेकंदांत संपत असल्याने अंतिम रेषेवरील कॅमेरा सर्वांत महत्त्वाचा असतो. तो मनुष्यविरहित ठेवणे सुरक्षित ठरते. ड्रोनच्या आवाजाने बैल बिथरण्याची शक्यता असल्याने तो कमी उंचीवरून उडवू नये.

## ध्वनी

किंचित धूसर चित्र प्रेक्षक चालवून घेतात. अस्पष्ट किंवा तुटक आवाज मात्र चालवून घेत नाहीत. समालोचकासाठी तोंडाजवळ राहणारा हेडसेट वापरतात, कारण साध्या ध्वनिग्राहकात मंडपातील कर्ण्यांचा आवाज समालोचनाइतकाच शिरतो. प्रेक्षकांचा कल्लोळ, कुस्तीतील हलगी आणि पंचाची शिट्टी यांसाठी वेगळे ध्वनिग्राहक ठेवून त्यांची पातळी समालोचनाखाली राखली जाते.

ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. सीमारेषेवर, खेळपट्टीपासून ७० मीटर अंतरावर ठेवलेल्या ध्वनिग्राहकात बॅटचा आवाज सुमारे ०.२ सेकंद उशिरा पोहोचतो. याउलट समालोचकाचा आवाज थेट मिश्रकात येतो, तर चित्र प्रक्रियेमुळे काही चौकटी मागे पडते. म्हणून ध्वनितंत्रज्ञ टाळी वाजवून चित्र व आवाज यांचा मेळ तपासतो आणि आवश्यक तेवढा विलंब देतो. समालोचकाने केवळ मैदानाकडे न पाहता समोरच्या पडद्याकडेही पाहणे अपेक्षित असते. अन्यथा प्रेक्षकांना न दिसणाऱ्या गोष्टीचे वर्णन होत राहते.

## आंतरजाल जोडणी

एन्कोडर चित्र व ध्वनी यांचे संकोचन करून ते सर्व्हरकडे पाठवतो. संकोचनासाठी २००३ मध्ये मान्य झालेले एच.२६४ हे मानक सर्वाधिक प्रचलित आहे. पाठवणीसाठी आरटीएमपी ही जुनी व सर्वमान्य पद्धत आहे. एसआरटी ही नंतरची पद्धत हरवलेले डेटाखंड पुन्हा मागवते, त्यामुळे अस्थिर जोडणीवर ती अधिक टिकाव धरते.

सेकंदाला ६ मेगाबिट वेगाने पाठवलेले प्रक्षेपण तासाला सुमारे २.७ गिगाबाइट डेटा वापरते. आठ तासांत हा वापर २१.६ गिगाबाइट होतो. खरी अडचण मात्र एकूण डेटाची नसून वर पाठवण्याच्या वेगाची असते. सकाळी रिकाम्या मैदानावर जोडणी उत्तम चालते. संध्याकाळी अंतिम सामन्याला हजारो प्रेक्षक जमतात, त्यांतील अनेक जण स्वतःच्या मोबाइलवरून चित्रफिती पाठवू लागतात आणि परिसरातील मनोऱ्यावर ताण येतो. सामना सर्वाधिक लोकांना पाहायचा असतो नेमक्या त्याच वेळी जोडणी सर्वांत दुबळी होते. म्हणून वेगाची चाचणी आदल्या दिवशी सामन्याच्या वेळी घेतात आणि मिळालेल्या स्थिर वेगाच्या निम्म्याच्या आसपास प्रक्षेपणाचा वेग ठेवतात. सर्वांत विश्वसनीय उपाय म्हणजे जवळच्या घरातून, दुकानातून किंवा ग्रामपंचायतीतून तंतुजोडणी घेणे.

तारजोडणी उपलब्ध नसल्यास दोन किंवा अधिक कंपन्यांची सिमकार्डे वापरली जातात. येथे दोन पद्धतींतील फरक लक्षात घ्यावा लागतो. साध्या दुहेरी-सिम राउटरमध्ये एक जोडणी तुटल्यावर दुसरी सुरू होते. या बदलात प्रक्षेपण काही सेकंद खंडित होते. जोडणी-एकत्रीकरणात डेटाखंड एकाच वेळी सर्व सिमकार्डांवरून पाठवले जातात आणि दूरस्थ सर्व्हरवर पुन्हा जोडले जातात. त्यामुळे एक जोडणी गेली तरी चित्र थांबत नाही. मात्र सर्व सिमकार्डे एकाच मनोऱ्यावर अवलंबून असल्यास या पद्धतीचाही उपयोग मर्यादित राहतो. वाहनाच्या टपावर उंच काठीवर बसवलेली दिशादर्शी अँटेना कमी गर्दीच्या दूरच्या मनोऱ्याशी जोडणी साधू शकते.

प्रक्षेपण खंडित झाले तरी सामना हरवू नये म्हणून निवडलेले दृश्य वाहनात आणि प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्रण त्याच्या स्वतःच्या कार्डावर स्वतंत्रपणे मुद्रित केले जाते.

## मनुष्यबळ व कार्यपद्धती

चार कॅमेऱ्यांच्या वाहनास साधारणतः सात-आठ जण लागतात : दिग्दर्शक, कॅमेरामन, गुणफलक व पुनर्दर्शन सांभाळणारा, ध्वनितंत्रज्ञ आणि वीज, केबल व वाहन यांची जबाबदारी असलेला तंत्रज्ञ. कॅमेरामन व दिग्दर्शक यांच्यात हेडसेटवरून सतत संभाषण चालते. पडद्यावरील गुण अधिकृत गुणलेखकाच्या नोंदीवरूनच घ्यावे लागतात. अंदाजाने दाखवलेल्या चुकीच्या गुणामुळे मैदानावर वाद होऊ शकतो.

कामाचा क्रम सर्वसाधारणपणे असा असतो : आदल्या दिवशी जागेची पाहणी, सूर्याची दिशा व जोडणीची तपासणी, सामन्यापूर्वी तीन-चार तास आधी वाहन लावणे व केबल टाकणे, तासभर आधी सर्व यंत्रणा चालू करून खाजगी चाचणी प्रक्षेपण, मुख्य वीज मुद्दाम बंद करून बॅटरी भार घेते की नाही याची खात्री. सामना संपल्यावर मुद्रणाची दुसरी प्रत तयार होईपर्यंत कॅमेऱ्यांची कार्डे पुसली जात नाहीत.

## कायदेशीर बाबी

प्रक्षेपणाचा अधिकार स्पर्धेच्या आयोजकाकडून लेखी घेणे आवश्यक असते. मैदानात वाजणारी चित्रपटगीते प्रक्षेपणात गेल्यास प्रताधिकाराचा प्रश्न निर्माण होतो आणि प्रक्षेपण मंचाची स्वयंचलित यंत्रणा आवाज बंद करू शकते किंवा प्रक्षेपणच थांबवू शकते. म्हणून गाणी सुरू असताना मैदानाचे ध्वनिग्राहक बंद ठेवतात. शालेय स्पर्धांत खेळाडू अल्पवयीन असल्याने शाळा व पालक यांची संमती घेतली जाते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनाच्या मूळ रचनेत करावयाच्या बदलांवर निर्बंध आहेत. त्यामुळे अनेक लहान वाहनांत सामग्री काढता येण्याजोग्या कपाटांत बसवणे श्रेयस्कर ठरते. ड्रोनच्या वापरास ड्रोन नियम, २०२१ लागू होतात. त्यांत ड्रोनची नोंदणी, चालकाचे प्रमाणपत्र आणि उड्डाणक्षेत्रांचे हिरवे, पिवळे व लाल असे वर्गीकरण यांविषयी तरतुदी आहेत.

## महत्त्व व मर्यादा

गावाबाहेर नोकरी करणारे ग्रामस्थ, परदेशातील मराठी भाषक आणि खेळाडूंचे कुटुंबीय यांना या प्रक्षेपणामुळे सामना पाहता येतो. प्रशिक्षकांना प्रतिस्पर्ध्याच्या खेळाचा अभ्यास करता येतो, तर जिल्हा संघाबाहेरच्या खेळाडूला आपला खेळ दाखवण्यासाठी पुरावा मिळतो.

मात्र हेच चित्रण पंचांच्या निर्णयाविरुद्धही वापरले जाते. चुकीच्या कोनातून घेतलेले दृश्य योग्य निर्णयालाही संशयास्पद ठरवू शकते. पुनर्दर्शनाचा आधार घ्यायचा की नाही, कोणत्या कॅमेऱ्याचा आणि कोणाच्या मागणीवरून, हे स्पर्धेच्या नियमावलीत सामन्यापूर्वीच निश्चित असणे आवश्यक आहे. तसे ठरलेले नसल्यास वादाच्या क्षणी पुनर्दर्शन मैदानावरील पडद्यावर न दाखवणे इष्ट मानले जाते. प्रक्षेपण प्रत्यक्ष खेळापेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही, मागे असते. त्यामुळे मोबाइलवरील दृश्य पाहून मैदानावरील निर्णयाची वेळ ठरवता येत नाही.

## हे सुद्धा पहा

- बाह्य प्रक्षेपण
- समालोचन
- दूरदर्शन
- कबड्डी
- खो-खो
- खासबाग मैदान